वाघाचा कान

"माणसांना अंघोळीला तांब्याभर, आणि ह्या वाघ-उंदरांना रोज वाटीभर! पुढच्या जन्मी देवा, मला ह्यांच्या कपाटातलं डुक्कर कर."

सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. मामंजी पलीकडेच आरामखुर्चीत बसले होते. आवाज त्यांना ऐकू जाऊ नये इतका खाली होता, आणि गेलाच तर जाऊ दे इतका वर. लग्नाच्या चाळीस वर्षांत त्यांनी ही पट्टी नेमकी साधली होती.

एप्रिल होता. रत्नागिरीत आमच्या बाजूला नळाला दिवसाआड पाणी. मी हंड्यातून वाटी बुडवली आणि कपाटाचं काचेचं दार उघडलं. आतली कालची वाटी काठोकाठ तशीच होती. कोकणातली हवा ती. बरणीत मिठाचं पाणी होतं, पापड चामड्यासारखे लवतात. तिथे वाटीतलं पाणी आटणार कशाला? पण मामंजींच्या पुस्तकात लिहिलं होतं, की हस्तिदंत कोरड्या हवेत तडकतो, म्हणून कपाटात पाण्याची वाटी ठेवावी. पुस्तक थंड देशातल्या माणसाने लिहिलं होतं. मामंजी आयुष्यभर जहाजाच्या इंजिनावर काम केलेले, लिहिलेलं पाळायची सवय. वाटी रोज बदलायची म्हणजे बदलायची.

कपाटात सुपारीएवढ्या तेवीस वस्तूंसाठी तेवीस खण होते. जपानी लोकांच्या पूर्वीच्या अंगरख्याला खिसा नसे. तंबाखूचा बटवा नाहीतर औषधाची डबी दोरीला बांधून कमरपट्ट्यातून खाली सोडायची, आणि दोरी सटकू नये म्हणून वरच्या टोकाला ही अडकवण. नेत्सुके म्हणतात तिला. पोटाशी दोरी ओवायला दोन भोकं. कामापुरता लाकडाचा मणीसुद्धा चालला असता. पण तिथल्या कारागिरांनी त्या सुपारीत मासेमारीच्या जाळ्यावर झोपलेला कोळी कोरला, स्वतःचीच शेपटी चावणारा उंदीर कोरला, पिल्लं पोटाशी घेतलेली डुकरीण कोरली. पुढे अंगरखे गेले, बटवे गेले, अडकवणी तेवढ्या उरल्या. मामंजींचं जहाज कोबे बंदरात लागलं, की ते जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरत. सासूबाईंच्या भाषेत, "लोकांचे नवरे रेडिओ आणायचे, आमचे उंदीर आणायचे."

ह्या वस्तू हातात राहिल्या तरच जिवंत राहतात, असं मामंजींचं म्हणणं. हाताच्या तेलाने त्यांना मधासारखा रंग चढतो. म्हणून रोज संध्याकाळी दिवा लागला, की ते हात धुऊन, कोरडे करून, एक नेत्सुके तळव्यात घेऊन तासभर बसत. पाळीपाळीने, आज उंदीर, उद्या कोळी. बावीस दिवसांत बावीस व्हायचे. तेविसाव्या दिवशी ते तसेच हात धुऊन बसत आणि रिकामी मूठ मिटून ठेवत.

कारण तेविसावा खण रिकामा होता. तिथला वाघ माझ्या नवऱ्याच्या खिशात होता, आणि माझा नवरा सात वर्षं कुठे होता ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

जयवंतही बापासारखाच जहाजावर. आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती, त्यातले तो घरी राहिलेले महिने मोजले तर दहा. सत्याहत्तर साली तार आली. जहाज कोलंबोहून निघाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला तो हजर झाला नाही. जहाज धुंडाळलं, मिळाला नाही. मागाहून त्याची पेटी आली. कपडे होते, दाढीचं सामान होतं, माझी पत्रं होती. वाघ नव्हता.

समुद्रात पडला असेल, असं कंपनीचं म्हणणं. असेल. आमच्या घरात मात्र हे वाक्य कोणी उच्चारलं नाही. "कोलंबोला उतरून राहिला नसेल कशावरून?" मामंजी म्हणत. "डोक्याला मार लागून माणसं नाव-गाव विसरतात."  सासूबाई आंब्याच्या दिवसांत पहिला पायरी काढून ठेवत आणि तो सुरकुतला की मला देत. मी कुंकू लावत होते. संक्रांतीला हळदीकुंकवाला बोलावणं आलं की जात होते, आणि वाण देताना प्रत्येक बाईचा हात किंचित थबकतो ते न पाहायला शिकले होते. रिकाम्या दुपारी मामंजींचं ते इंग्रजी पुस्तक कोशाच्या मदतीने वाचत बसायचे. मी अकरावी झालेली. पण पाच वर्षांत ते पुस्तक मला मामंजींपेक्षा जास्त येऊ लागलं होतं.

सात वर्षं पुरी झाली तेव्हा माझा दादा लांज्याहून आला. माणसाची सात वर्षं काही खबर नसली, तर कोर्ट त्याला गेलेला मानतं. तसा अर्ज करायचा, आणि अर्जासोबत आईवडिलांच्या सहीचा कागद. दादाच्या मनात चिपळूणचे शिवलकर मास्तर होते. बायको काविळीत गेलेली, एक सहा वर्षांची मुलगी. मी त्यांना एकदाच पाहिलं होतं. बोलताना सारखे चष्मा पुसत होते. मला ते आवडले हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

"मास्तर अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबतील," दादा म्हणाला. "पुढे त्यांची आई थांबायची नाही."

मामंजींनी तीन आठवडे घेतले. मग एका संध्याकाळी डुकरीण हातात फिरवत म्हणाले, "पुढल्या गुरुवारी कागद घेऊन ये म्हणावं दादाला. करतो सही."

मी आत गेले आणि पिठाच्या डब्यात हात घालून उभी राहिले. सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी वळून पाहिलंसुद्धा नाही.

आणि शुक्रवारी पोस्टकार्ड आलं.

मुंबईचे इस्माईल परकार जुन्या वस्तूंचा धंदा करत. मूळचे आमच्याच बाजूचे. मामंजींनी सात वर्षांपूर्वीच त्यांना सांगून ठेवलं होतं, की असा असा वाघ नजरेला पडला तर कळवा. कार्डावर चारच ओळी होत्या. 'आपण सांगितलेल्यासारखा हस्तिदंती वाघ आला आहे. बसलेला, मान मागे वळवलेला. खूण पुरती जुळत नाही. तरी एकवार नजरेखालून घालावा.'

मामंजींनी कार्ड तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्याने. 'खूण पुरती जुळत नाही' हे वाक्य मोठ्याने वाचताना गळलं.

"उद्याच्या गाडीने निघू," ते म्हणाले. "वैजू, तू चल. माझी नजर आता अधू. तू पाहिलास की मला खात्री."

खूण म्हणजे काय, ते सांगायला हवं. माझ्या लग्नानंतरची पहिली दिवाळी. देव घासायला काढले होते. चिंच, राख, काथ्या असा सगळा सरंजाम. सासूबाईंची नजर कपाटाकडे गेली. "गो वैजू, ती बघ कशी पिवळी पडलीत. मामंजींना कळतंय कुठे! देवांबरोबर त्यांनाही घासून टाकू, खूश होतील." मीही नवी नवरी, उत्साहाची. सगळ्यांत मळका दिसत होता म्हणून वाघ पहिल्यांदा घेतला. पिवळेपणा निघाला, आणि पिवळेपणाबरोबर वाघाचे पट्टेही चिंचेच्या पाण्यात उतरले. दीडशे वर्षांपूर्वी कोणी जपानी माणसाने एकेक केसाची रेघ कोरून तिच्यात काळा रंग भरला होता. आम्ही दोघींनी तो दहा मिनिटांत काढला. जयवंत ओरडत आला म्हणून बाकीचे वाचले.

मामंजींनी वाघ उजेडात धरला. "मांजर झाली," एवढंच म्हणाले. जयवंत हसून म्हणाला, "बाबा, ही मांजर मला द्या. बोटीवर उंदीर फार आहेत." तेव्हापासून तो जाताना वाघ खिशातून न्यायचा आणि सुट्टीवर आला की खणात परत ठेवायचा. नेलेलं परत आणायचं, हा बापलेकांचा करार.

म्हणून आमच्या वाघाला पट्टे नव्हते. ही खूण.

परकारांचं दुकान गल्लीत होतं. घड्याळं, झुंबरं, एक मुंडी नसलेली परी. परकारांनी मामंजींना खुर्ची दिली, मला स्टूल. चहा सांगितला. चहा येईपर्यंत वाघ काढला नाही. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्यांना आमची दया आली होती.

"साहेब, आधीच सांगतो," ते म्हणाले. "तुमचा बिनपट्ट्याचा. ह्याला पट्टे आहेत. नि मी बोलावलं ते एवढ्यासाठीच, की पुढे मागे कळलं तर तुम्ही म्हणाल, इस्माईलने सांगितलं नाय."

त्यांनी काळ्या मखमलीवर वाघ ठेवला.

तसाच होता. बसलेला, मान मागे वळवून स्वतःच्या पाठीकडे बघणारा, जणू कोणी मागून हाक मारली आहे. अंगावर दाट काळे पट्टे.  मी काही बोलणार एवढ्यात मामंजींनी तो उचलला.

आणि त्यांचा अंगठा सरळ वाघाच्या उजव्या कानावर गेला.

आता कानाचं सांगते. हे मी तोवर कोणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवाळीला वाघ धुताना माझ्या हातून निसटला आणि धुण्याच्या दगडावर पडला. उजव्या कानाचं टोक उडालं. तांदळाच्या कणीएवढं. मला रडू फुटलं. सासूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, देव्हाऱ्यातली सहाण ओढली आणि चंदन उगाळावं तसा वाघाचा तो कान उगाळून गुळगुळीत केला. "बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "एका दिवसात दोन गुन्हे नकोत." एक कान गोल, एक टोकदार. मामंजींच्या लक्षात आलं नाही, असं आम्ही दोघी दहा वर्षं धरून चाललो होतो.

आणि आता त्यांचा अंगठा तिथेच जाऊन थांबला होता. त्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. आम्हाला चोरटं वाटू नये म्हणून ते बोलले नव्हते.

मी बसल्या जागेवरून पाहिलं. ह्या वाघाचे दोन्ही कान टोकदार होते.

अंगठा बराच वेळ तिथे होता. मग तो हळूच कानावरून उचलला गेला आणि पाठीवर आला.

"आपलाच आहे," मामंजी म्हणाले.

"साहेब, पट्टे..." परकार म्हणाले.

"पट्टे काय, कोणीही भरील. शाई लावली, पुसली, झालं. विकणाऱ्याने केलं असेल." ते माझ्याकडे वळले. "काय वैजू?"

त्यांचे डोळे मी आजवर विसरलेले नाही. अधू नजर म्हणे! इतकं स्पष्ट माझ्याकडे कोणी कधी पाहिलं नव्हतं. ते मला विचारत नव्हते, मागत होते.

परकारही बघत होते. मी 'नाही' म्हटलं असतं, तर गुरुवारी सही झाली असती. आणि चिपळूणच्या मास्तरांसाठी ह्या म्हाताऱ्याच्या मुलाला मी मारलं असतं, माझ्या तोंडाने, मखमलीच्या तुकड्यावर.

"असेल," मी म्हटलं.

परकारांनी चहाचा कप बशीत ठेवला. "कुठून आला म्हणाल तर, माझगावला एक खानावळवाला आहे. वर खोल्या देतो. कोणी खलाशी खोलीत विसरून गेला म्हणे."

"कधी?"

"दोनेक वर्षं झाली असतील."

मामंजी उठलेच. टॅक्सी करून आम्ही माझगावला गेलो. खानावळवाला कांदे चिरत होता. त्याला आठवेना.

"उंच होता ना?" मामंजींनी विचारलं.

"असंल उंच."

"रंगाने उजळ? इथे, भुवईवर व्रण?"

"उजळच म्हणा की. व्रण... असंल. दर्यावरच्या माणसाला कुठंतरी असतोच."

"मराठी बोलायचा?"

"हॉटेलात सगळेच बोलतात, बाबा."

मामंजी प्रश्न विचारत नव्हते, उत्तरं वाटत होते. खानावळवाला भला माणूस, त्याने सगळी घेतली.

संध्याकाळी परत दुकानात आलो. मामंजींनी पिशवीतून डबा काढला. मला वाटलं होतं त्यात प्रवासाचं खाणं आहे. कापसात गुंडाळलेले तीन नेत्सुके निघाले. झोपलेला कोळी, उंदीर आणि डुकरीण. कपाटातले सगळ्यांत सुंदर तीन.

"हे ठेवा," ते म्हणाले. "वाघ मी नेतो."

"साहेब, हा सौदा बरोबर नाय. एकाला तीन? नि ही डुकरीण एकटी दहांच्या तोलाची."

"सौदा नाही हो हा," मामंजी म्हणाले.

 आम्ही दाराबाहेर पडलो तेव्हा परकार मला हळूच म्हणाले, "बाय, घरी वडीलधारं आणखी कोण आहे?" मी म्हटलं, "सासूबाई." "मग बरं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.त मामंजी खिडकीशी बसले. वाघ सदऱ्याच्या खिशात, वरून हात.  महाडला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "म्हणजे तो आला होता. मुंबईपर्यंत."

"हो."

"काही अडचण असेल. म्हणून पुढे आला नाही."

"असेल."

"काय असेल गं?"

दहा वर्षांत मी त्यांना उलट बोलले नव्हते. "मी असेन," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खिशावरचा हात तेवढा घट्ट झाला. तेव्हा मला पुरतं कळलं. मुलगा जिवंत हवा असेल तर तो बायकोला टाकून गेलेला असायला हवा. दुसरा मार्ग नव्हता. समुद्राने नेला तर मी विधवा, मुंबईत उतरला तर टाकलेली. आणि त्यांनी काल, अंगठा उचलून, ह्या दोहोंतली एक निवड माझ्यासाठी करून टाकली होती. मी 'असेल' म्हणून तिला दुजोरा दिला होता. पुढच्या खिडकीतल्या बाईने मला उलटी होतेय का विचारलं. मी म्हटलं, नाही, घाट लागला.

घरी पोचलो. सासूबाई दारात होत्या. मामंजींनी खिसा उघडून वाघ दाखवला. "इंदू, खबर लागली. दोन वर्षांपूर्वी मुंबईत होता."

सासूबाईंनी वाघाकडे लांबूनच पाहिलं. त्या दिवाळीनंतर त्यांनी त्या वस्तूंना बोट लावलं नव्हतं. मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मी मान खाली घातली. "पाय धुवा आधी," त्या म्हणाल्या. देवापुढे साखर ठेवली. रात्री गोडाचा शिराही केला. मामंजी दोनदा मागून जेवले.  सासूबाईंनी माझं तसंच राहिलेलं ताट उचललं.

तीन दिवस असे गेले. मामंजींनी पाळी मोडली आणि रोज संध्याकाळी वाघच हातात घेऊन बसू लागले. मी दिवा लावताना बघायचे. पाठ, शेपूट, पंजे, सगळीकडून अंगठा फिरायचा. उजव्या कानाजवळ आला की वळसा घालून पुढे जायचा, जसं गावातल्या एखाद्या घरावरून जाताना माणूस रस्ता बदलतो.

मी दर रात्री ठरवायचे, उद्या सांगेन. सकाळी वाटी भरायचे, कपाट उघडायचे, ते तीन रिकामे खण बघायचे आणि बंद करायचे. एकदा सासूबाई मागे उभ्या होत्या. "तीन देऊन एक आणलात," त्या म्हणाल्या.

"मामंजींनी दिले."

"तू होतीस ना तिथे?"

"होते."

"हं," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

गुरुवारी दादा आला. स्टँप पेपर छातीशी धरून, नवा सदरा घालून. त्याला पाणी देऊन मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. हातात कपाटाची वाटी होती, बदलायची राहिलेली.

"मामा, इथे एवढी एक सही," दादा म्हणाला. "आणि इथे आईंची."

"सही होणार नाही," मामंजी म्हणाले. "जयवंताची खबर लागली." त्यांनी तळहात उघडला.

दादाने वाघाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत वाघाकडे. "हे काय?"

"त्याच्या खिशातलं. माझगावला एका खोलीत राहिला होता. दोन वर्षांपूर्वी."

दादा गरीब माणूस, चढा आवाज त्याला येत नसे. तो मटकन बसला. "म्हणजे... आहेत?"

"आहे."

"माझगावला आले, आणि रत्नागिरीला नाही आले?"

मामंजींचा अंगठा वाघाच्या पाठीवरून फिरला.

"पाच वर्षं कुठेतरी काढली, मुंबईत उतरले, एक पोस्टकार्डसुद्धा टाकलं नाही? मामा, माझी बहीण इथे रोज कुंकू लावून बसलीय. मग तसं तरी लिहून द्या! नवऱ्याने टाकली म्हणून लिहून द्या. लोक विचारतात मला, ती कोण? काय सांगू मी?"

मला वाटलं मामंजी चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ते वाघाकडे बघत म्हणाले, "लिहितो."

"काय?"

"टाकलं म्हणून लिहितो. कागद दे."

माझ्या हातातली वाटी कलंडली. पाणी पायावर सांडलं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. सात वर्षं ज्यांची औषधं, ज्यांचे कपडे, ज्यांच्या उंदरांचं पाणी मी केलं, ते मला टाकलेली लिहायला पेन शोधत होते. आणि ते तोच खिसा इतक्या वेळा चाचपत होते, की मलाच ते पेन शोधून द्यावंसं वाटलं. बोल, मी स्वतःला म्हणत होते, आता तरी बोल. 

सासूबाई माझ्या बाजूने पुढे गेल्या. येताना त्या देव्हाऱ्यापाशी थांबल्या असाव्यात, कारण त्यांच्या हातात सहाण होती. ती त्यांनी दादाच्या कागदावर ठेवली. नवाकोरा, टाईप केलेला स्टँप पेपर आणि त्यावर चंदनाचे वाळलेले ओघळ. मग मामंजींच्या तळव्यातून त्यांनी वाघ उचलला. दहा वर्षांत पहिल्यांदा.

"इंदू, राहू दे," मामंजी म्हणाले.

"पट्टे भरता येतात," सासूबाई म्हणाल्या. वाघ त्यांनी सहाणेवर टेकवला, उजवा कान खाली करून. टोक दगडाला टेकलं तसा बारीक टकटक आवाज झाला. "कान उगवत नाही हो. ह्याच दगडावर मी तो घासला होता. ह्याच हातांनी. तुम्हाला ठाऊक आहे."

मामंजींनी डोळे मिटले.

"तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि ही बिचारी तिकडे दुकानातच समजली, तिच्या तोंडावर मला दिसलं. तीन दिवस मी वाट बघतेय, तुम्ही बोलाल म्हणून."

"इंदू."

"नाही. आता ऐका. हा दुसऱ्या कोणाचा वाघ आहे, दुसऱ्या कोणाच्या खिशातला." त्यांचा आवाज त्यांच्या नेहमीच्याच पट्टीत होता, ना खाली ना वर. "माझा जयवंत बायको टाकणारा नव्हता. तसं मी कोणाला लिहू देणार नाही, तुम्हालाही नाही. त्याने हिला टाकलं नाही. तो मेला. आपला मुलगा मेला, हो."